पाल्हाळ, लांबण आणि गळफांदी

शेजारच्या गावची एक मुलगी तलाठी भरतीचा अभ्यास करते. तिने विचारलंय, "काका, पाल्हाळ म्हणजे नेमकं काय? पुनरुक्ती, द्विरुक्ती, पिष्टपेषण, चर्वितचर्वण हे सगळे एकाच अर्थाचे शब्द का? आणि एकाच अर्थाचे असतील तर इतके कशाला?" शेवटचा प्रश्न वाचून मला हसूच आलं. फालतू पसाऱ्याला नाव द्यायलासुद्धा मराठीने पसारा मांडलाय, असं पोरीचं म्हणणं दिसतंय.

बेटा, मी भाषेचा प्राध्यापक नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून तेहतीस वर्षं अर्ज आणि दस्त लिहितोय. आधी हाताने, मग टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. माणूस समोर बसून अर्धा तास बोलतो, त्यातलं अर्ध्या पानात काय जायचं ते मी ठरवतो. त्यामुळे या शब्दांशी माझी ओळख कोशातून कमी आणि कामातून जास्त झाली आहे. घरी चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आहे. तिचाही या उत्तरात उपयोग होईल.

पाल्हाळापासून सुरू करू. हा शब्द पल्लव, पाला, पालवी यांच्या घराण्यातला. जुन्या मराठीत झाडाला पालवी फुटणे या अर्थाने 'पाल्हेजणे' असं क्रियापद आहे. म्हणजे मुळात चित्र झाडाचं: फांदीला फांदी फुटतेय, पाला वाढतोय. बोलण्याच्या बाबतीत तो शब्द आला तेव्हा त्याला नाराजी चिकटली. पाला आहे, फळ कुठाय?

आमच्याकडे याला याहून नेमकं चित्र आहे. पऱ्हाटी चाळीसेक दिवसांची झाली की बुडाजवळून एकदोन फांद्या खोडाला बिलगून सरळ वर निघतात. जाडजूड, तरतरीत. नव्या माणसाला वाटतं, काय जोर आहे झाडात! ती गळफांदी. तिच्यावर थेट पातं, म्हणजे कळी, धरत नाही, बोंड धरत नाही, खत-पाण्यात मात्र वाटा पुरा घेते. फळफांदी निराळी. ती आडवी निघते, नागमोडी चालते आणि वळणावळणाला पातं धरते. अलीकडे बरेच शेतकरी गळफांदी वेळेवर कापून टाकतात. पाल्हाळ म्हणजे बोलण्यातली गळफांदी. दिसायला जोरदार, बोंड शून्य.

एक नमुना दाखवतो. वीज पडून बैल मेला, मदतीचा अर्ज लिहायचाय. समोरचा माणूस सुरू करतो, "त्याचं असं झालं भाऊ, माह्या बापानं ही जोडी आनली होती, नऊ वर्सं झाले. तवा आमच्या घरी बहिनीचं लगन होतं. पैसे तं नव्हते, पन मामानं देल्ले. मंग त्यातला एक बैल, पांढरा, तो जरा मारका होता, म्हून त्याले आमी उजव्या अंगाले जुपत होतो..." मेला तो पांढरा की दुसरा, हे कळायला चहा संपतो. आता नीट पाहा. या बोलण्यात एकही गोष्ट त्याने दोनदा सांगितली नाही. बहीण एकदा आली, मामा एकदा आला, मारकेपणा एकदा आला. सगळं नवं आणि सगळं खरं, तरी तो पाल्हाळ. कारण अर्जाला लागतं ते एवढंच: तारीख आणि वेळ, कोणत्या शिवारात, गट नंबर काय, जनावर कोणतं, पंचनामा कोणी केला, जनावरांच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं का.

म्हणून पहिला भेद लक्षात ठेव. पाल्हाळात माणूस भलतीकडे पसरतो. पुनरुक्तीत तो जागचा हलत नाही.

पुनरुक्तीचा नमुना माझ्याच जुन्या फाइलीतला आहे, दुसऱ्या कोणाकडून लिहून आणलेला अर्ज. "सदर रस्ता हा वहिवाटीचा रस्ता असून सदर वहिवाटीच्या रस्त्याने आम्ही पूर्वीपासून वहिवाट करीत आलेलो असून सदर वहिवाट आजही चालू आहे." रस्ता तीनदा, वहिवाट चारदा, सदर तीनदा. मी त्याचं केलं, "या पांदण रस्त्याने आमची पूर्वापार वहिवाट आहे." सात शब्द. अर्जदाराला मात्र पटलं नाही. म्हणाला, "भाऊ, इतलंसं लिवल्यावर साहेबाले वाटंल का याचं काम काही मोठं नाई." त्याचंही एका अर्थी खरं होतं. कागद लांब असला की वजनदार वाटतो, ही समजूत टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहे.

परीक्षेसाठी लिखाणाचं सांगतो. पुनर् अधिक उक्ती, म्हणून 'पुनरुक्ती', रु ह्रस्व. 'पुनरूक्ती' असं छापलेलं पुष्कळ दिसतं, ते चूक. समासात पुढे शब्द आला की 'क्ति'ही ह्रस्व: पुनरुक्तिदोष. आणि पुनरुक्ती व पुनरावृत्ती यांची गल्लत करू नको. उक्ती म्हणजे बोलणं, म्हणून पुनरुक्ती फक्त बोलण्या-लिहिण्यात होते. चुकीची, घटनेची, दुष्काळाची होते ती पुनरावृत्ती. 'मागच्या वर्षीच्या नापिकीची पुनरुक्ती झाली' असं वाक्य आलं तर लाल शाई मार. पाल्हाळाचं लिंग मात्र लोक दोन्ही करतात, पाल्हाळ लावला आणि पाल्हाळ लावलं. मी पुल्लिंगी लिहितो. विशेषण पाल्हाळिक. आमच्या बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही, लोक 'लांबण' म्हणतात: "कायले लांबण लावता?" लांबण स्त्रीलिंगी.

कृतीचं, भावनेचं किंवा खर्चाचं जास्त झालं तर तो अतिरेक. लग्नात डीजेचा अतिरेक होतो, पाल्हाळ होत नाही. वस्तूंचा, कागदांचा ढीग झाला तर फापटपसारा. आणि मुद्द्यावर यायच्या आधीच दम संपला तर नमनाला घडाभर तेल: खेळ अजून रंगायचाय आणि मशालीचं तेल नमनातच जळून गेलं. अर्जांमध्ये हे रोज दिसतं. "वरील विषयास अनुसरून सविनय विनंती अर्ज सादर करतो की, मी खाली सही करणारा अर्जदार सदर गावचा कायमचा रहिवासी असून गरीब शेतकरी असून..." इथवर येईपर्यंत वाचणाऱ्याची नजर शेवटच्या ओळीवर गेलेली असते.

आता खरा प्रश्न. दुसऱ्यांदा सांगितलेलं प्रत्येक वेळी फालतू असतं का? मास्तर लोक सरसकट 'पुनरुक्ती टाळा' म्हणून मोकळे होतात. आपल्या जुन्या पंडितांनी यावर जास्त बारीक विचार केला होता. गौतमांच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वादात माणूस कुठे कुठे हरतो अशा बावीस जागा मोजल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातल्या दोन तुझ्या प्रश्नाच्याच आहेत. एक 'अधिक': एका कारणाने किंवा एका दाखल्याने काम भागत असताना आणखी देणं. दुसरी 'पुनरुक्त': तोच शब्द किंवा तोच अर्थ पुन्हा मांडणं. म्हणजे पसारा आणि पुन्हापुन्हा, दोन्ही वेगवेगळे गुन्हे. आणि पुनरुक्ताच्या व्याख्येतच एक सूट आहे: 'अनुवाद' सोडून. आज अनुवाद म्हणजे भाषांतर, तेव्हा त्याचा अर्थ होता कामापुरतं पुन्हा म्हणणं. अनुमान मांडताना सुरुवातीला जे सिद्ध करायचं म्हटलं तेच शेवटी, कारणं दिल्यावर, निगमन म्हणून पुन्हा म्हणतात. तो दोष नाही. आपल्या अर्जातही वर 'विषय : पांदण रस्ता खुला करून मिळण्याबाबत' असतं आणि खाली 'म्हणून विनंती की, पांदण रस्ता खुला करून द्यावा' असतं. वाक्य तेच, पण वरचं फाइल कुठल्या टेबलावर जायची ते सांगतं आणि खालचं काय करायचं ते. हे मला चहाच्या टपरीवर एका निवृत्त संस्कृत मास्तरांनी समजावलं, आणि वीस वर्षं ज्याला मी नुसती रीत समजत होतो त्याला शास्त्र असल्याचं कळलं.

दस्तांमध्ये तर ही सूट पावलोपावली लागते. खरेदीखतात रक्कम आकड्यात लिहितो आणि लगेच 'अक्षरी' लिहितो. एकच गोष्ट दोनदा. धनादेश आणि वचनचिठ्ठीबाबत तर १८८१च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यात, कलम १८ मध्ये, स्पष्टच सांगितलंय की आकडा आणि अक्षर जुळत नसतील तर अक्षर खरं. आकडा एका फटक्यात बिघडतो, अक्षर सहजी बिघडत नाही. माझ्याकडे एकदा टायपिंगवाल्या पोराने आराजी, म्हणजे शेताचं क्षेत्र, ०.८१च्या जागी ०.१८ मारली. दोन एकराचं शेत अर्ध्या एकराच्याही खाली आलं. पण पुढं कंसात 'शून्य हेक्टर एक्याऐंशी आर' होतं, ते वाचताना मी अडखळलो आणि सही व्हायच्या आधी कागद थांबला. त्या कंसाला कोणी पुनरुक्ती म्हणून लाल शाई मारली असती तर?

मिळकतीच्या वर्णनातही तसंच. गट नंबर आहे, आराजी आहे, तरी खाली चतु:सीमा लिहायच्या: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांदण, दक्षिणेस तमक्याचं शेत. तीन तऱ्हेने तेच शेत सांगायचं. १९०८च्या नोंदणी कायद्याचं कलम २१ म्हणतं की मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन पाहिजे, नाहीतर दस्त नोंदायला घेता येत नाही. तीनपैकी एक खूण चुकली तर बाकीच्या दोन ती चूक उघडी पाडतात. हीच खरी कसोटी वाटते मला. दुसऱ्यांदा सांगितलेलं जर पहिल्यावर पहारा देत असेल तर ते राहू द्यावं.

जुन्या सनदांमध्ये एक ओळ यायची, 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह'. आजच्या पोराला ऐकवली की म्हणतं, केवढा पाल्हाळ! एकेक शब्द उलगडून पाहा. पाणी, उभं झाड, गवत, लाकूडफाटा, दगड, जमिनीत पुरलेलं धन, ठेवून दिलेली ठेव. प्रत्येक शब्द म्हणजे उद्याच्या एका भांडणाचं बंद केलेलं दार. विहीर कोणाची, बांधावरचा साग कोणाचा, खाणीतला दगड कोणाचा, नांगराला हंडा लागला तर तो कोणाचा. ही यादी आहे, आणि यादीला पाल्हाळ म्हणत नाहीत. उलट आता नवे टायपिंगवाले लिहितात, 'स्वखुशीने, राजीखुशीने, आनंदाने, मनमोकळेपणाने व संतोषाने लिहून दिले'. यातलं राजीखुशीने तेवढं ठेव, बाकीचे चार त्याच्या मागून फुकट आलेले वऱ्हाडी. अक्कलहुशारीने आणि कोणाच्या दबावाशिवाय, हे दोन वेगळं काहीतरी सांगतात: एक शुद्धीबद्दल, दुसरं जबरदस्तीबद्दल. ते राहतील.

आता माझी चूक सांगतो, कारण कापाकापीची हौस वाढली की काय होतं ते तुला कळायला पाहिजे. सोळा-सतरा वर्षं झाली. दोन भावांचं आपसी वाटणीपत्र होतं. मोठा भाऊ बोलायला लागला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंब आहे, तो बापाने लावला, त्या वर्षी पाऊस नव्हता म्हणून आईने नाल्यावरून घागरीने पाणी आणून जगवला, त्याच्या सावलीत दोघं भाऊ शिदोरी खायचे. मी घाईत होतो. म्हटलं, "भाऊ, कडुनिंबाचं राहू द्या, गट नंबर सांगा." त्याने सांगितला. मी लिहिलं, 'उत्तरेस : लहान भावाचे शेत'. सह्या झाल्या, अंगठे झाले. पुढं दर साली नांगरताना धुरा एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, सरकत गेला, कोणाकडे ते सांगत नाही. प्रकरण मोजणीपर्यंत गेलं तेव्हा मूळ धुरा कुठं होता याची जमिनीवर खूण एकच उरली होती, तो कडुनिंब. आणि कडुनिंब कागदावर कुठंच नव्हता. मोठा भाऊ मला भेटायला आला. भांडला नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मी तं सांगतलं होतं ना भाऊ."

आईने घागरीने पाणी घातलं हा पाल्हाळच होता, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्या पाल्हाळात एक बोंड होतं आणि मी फांदीसकट ते कापलं. गळफांदीचंही हेच होतं. पहिल्या वर्षी मी मजुरांना नीट न दाखवता कात्री दिली, दुपारी जाऊन पाहतो तर दोन ओळींतल्या फळफांद्या खाली पडलेल्या. कोवळेपणी दोन्ही फांद्या नव्या डोळ्याला सारख्याच दिसतात. तेव्हापासून मी माणसाला पूर्ण बोलू देतो. कात्री कागदावर चालवतो, बोलण्यावर नाही.

आता तुझे राहिलेले शब्द. पिष्टपेषण म्हणजे पिठाला पुन्हा दळणं. पिष्ट म्हणजे पीठ, पेषण म्हणजे दळणं. विषय आधीच पुरा दळून झालाय, सगळ्यांना माहीत आहे, निर्णयसुद्धा झालाय, आणि तरी कोणी जातं फिरवतंय, तेव्हा हा शब्द. बोलीत यालाच 'तेच ते दळण' म्हणतात. चर्वितचर्वण म्हणजे चावलेलं पुन्हा चावणं. भागवतात प्रल्हादाच्या तोंडी हे शब्द आलेत, संसाराच्या त्याच त्या सुखांना पुन्हापुन्हा चघळणाऱ्यांबद्दल. दोघांत फरक बारीक आहे. पिष्टपेषणात मेहनत वाया गेल्याची तक्रार आहे, चर्वितचर्वणात रस संपल्याची. जुन्या विषयावर नवं पुस्तक आलं आणि त्यात नवं काही नसलं तर मी चर्वितचर्वण म्हणेन. ग्रामसभेत मंजूर ठरावावर पुन्हा दोन तास वाद झाला तर पिष्टपेषण. चर्वितचर्वण या शब्दावर आमच्या गोठ्यातली गाय आक्षेप घेईल, कारण ती चावलेलं पुन्हा चावते म्हणूनच तिला कडबा पचतो. पण तिच्यासाठी मराठीने रवंथ हा मानाचा शब्द वेगळा ठेवलाय.

चऱ्हाट म्हणजे दोर. अंबाडीचा किंवा सनाचा वाक काढून, पीळ घालून दोर वळताना पाहिलंय का कधी? एकच हालचाल तासन् तास, आणि दोर मागे मागे लांबत जातो. म्हणून न संपणाऱ्या एकसुरी कहाणीला चऱ्हाट. 'चऱ्हाट लावलं', 'चऱ्हाट वळत बसला'. यात पाल्हाळासारखं पसरणं नाही, लांबत जाणं आहे. गुऱ्हाळ हा शब्द वर्तमानपत्रांचा लाडका, 'चर्चेचं गुऱ्हाळ'. मला तो पटत नाही. गुऱ्हाळातून शेवटी गूळ तरी निघतो.

द्विरुक्ती मात्र या टोळीत बसवू नको. तो दोष नाही, मराठीची घडण आहे. व्याकरणात याला अभ्यस्त शब्द म्हणतात: हळूहळू, घरोघर, शेजारीपाजारी, दगडबिगड, अर्धामुर्धा. यातला एक तुकडा काढला तर अर्थच बदलतो. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. 'दोघा मुलांना दोन एकर दिले' आणि 'दोघा मुलांना दोन दोन एकर दिले'. पहिल्या वाक्याने बापाच्या शेतातून दोन एकर जातात, दुसऱ्याने चार. कोणी 'दोन' हा शब्द दोनदा आलाय म्हणून एक खोडला तर दोन एकर खोडले. तसेच जोडशब्द. कागदपत्र यात कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून, दोन्ही जवळजवळ तेच. बाजारहाटाचंही तसंच. दोन भाषांचे लोक एकाच बाजारात उभे राहिले की असे जोडशब्द तयार होतात, आणि एकदा रुळले की ते एकच शब्द असतात. त्यांना फोडून पुनरुक्ती शोधणाऱ्या मास्तरांना रिकामा वेळ फार असावा.

'पिवळा पितांबर' यावर तू विचारलं नाहीस, पण परीक्षेत येतोच. मूळ शब्द पीतांबर, पीत म्हणजे पिवळं आणि अंबर म्हणजे वस्त्र. त्या हिशेबाने पिवळा पितांबर म्हणजे पिवळं पिवळं वस्त्र, पुनरुक्ती. उत्तरपत्रिकेत तसंच लिही, गुण घे. पण लोकांच्या तोंडी पितांबर म्हणजे पूजेला किंवा पंगतीला नेसायचं रेशमी वस्त्र, आणि दुकानात लाल पितांबर मागितला तर कोणी हसत नाही. शब्द आपलं मूळ विसरला की त्यातली पुनरुक्तीही विरते. विंध्याचल पर्वत म्हणताना अचल म्हणजेच पर्वत हे कोणाला आठवतं? पावरोटीचं तसंच, पाव हा पोर्तुगीज लोकांचा रोटीसाठीचाच शब्द. 'एनओसी प्रमाणपत्र' मात्र मी अजून खोडतो, कारण त्यातल्या 'सी'चा अर्थच प्रमाणपत्र, आणि ते विसरण्याइतका हा शब्द जुना झालेला नाही. 'पण परंतु', 'केवळ फक्त', 'किमान कमीत कमी' हे तर डोळे झाकून खोडावेत. यांना कोणतीच सबब नाही.

लिपीतलासुद्धा असा फापटपसारा एकदा साफ झालाय. माझ्याकडे लोक आजोबांच्या काळचे स्टँपपेपर घेऊन येतात, त्यात गांव, नांव, कांहीं, असे टिंबांचे शब्द असतात. ती टिंबं उच्चारात कधीच गेली होती, कागदावर राहिली होती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारने मान्य केले आणि न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले. तेव्हा काही जण म्हणाले असतील की नांव म्हणजे नाम आणि नाव म्हणजे होडी हा भेद गेला. आमच्याकडे होडीचा प्रश्न फारसा येत नाही, तरी इतक्या वर्षांत एकाही दस्तात कोणी विकणाऱ्याची होडी वाचली नाही. टिंब गेलं आणि काही पडलं नाही, म्हणजे ते फालतू होतं.

बोलण्यात आणि लिहिण्यातही फरक कर. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून बोलताना पुन्हा सांगणं हक्काचं आहे. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे, तोच प्रश्न पुन्हा फिरवून टाकायचे, मध्ये गोपाला गोपालाचा गजर. लिहून काढलं तर पुनरुक्ती वाटेल, रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात बसलेल्या निरक्षर माणसाच्या ते घरापर्यंत सोबत जायचं. तेच लेखी अर्जात करशील तर कारकून कंटाळेल.

लिहिण्याचा सराव करायचा असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून पाहा. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२पासून अशा अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि विषयही एकच घ्यायचा. लोक माझ्याकडे तीन पानं घेऊन येतात, त्यात रागच जास्त असतो. मी प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून झाकतो आणि विचारतो, हे गेलं तर तुम्हाला हवा तो कागद मिळायचा थांबतो का? बहुतेकदा उत्तर येतं, "नाई, पन लिवा ना." रागासाठी वेगळा तक्रार अर्ज लिहू, असं म्हटलं की माणूस तयार होतो. दुसऱ्या दिवशी तो तक्रार अर्ज लिहायला सहसा येत नाही.

आणि एक कबुली. मौजा म्हणजेच गाव. 'मौजा अमुक या गावी' म्हणजे गाव अमुक या गावी, पिवळ्या पितांबराचा सख्खा भाऊ. विदर्भातल्या प्रत्येक दस्तात तो असतो. ऐन उमेदीच्या काळात मी ठरवलं, आता हे बंद, आणि एका अर्जात नुसतं 'मौजा' आणि नाव लिहून दिलं. तासाभराने अर्जदार खिडकीवरून कागद घेऊन परत आला. समासात निळ्या पेनने लिहिलं होतं, 'गावाचे नाव नमूद नाही'. मी त्याच पेनने 'या गावी' लिहून दिलं, आणि अजूनही लिहितो.